मेंदूचे तापमान-मापन (स्मृतिभ्रंशातील)

मेंदूत तार वा सुई न घालता एमआरआय यंत्राने त्याचे तापमान काढण्याची पद्धत, अजून संशोधनापुरती. तिचा आधार पाणी हा आहे. तापमान चढले की पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि त्यातील प्रोटॉनची वारंवारता किंचित घटते; संशोधक जे. सी. हिंडमन यांनी हे १९६६ मध्ये मोजले. घट अंशाला दशलक्षात सुमारे ०.०१ भाग, म्हणजे ३ टेस्लाच्या यंत्रात जेमतेम १.३ हर्ट्‌झ. चेतापेशींतील एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट या द्रव्याची वारंवारता तापमानाने जवळजवळ हलत नाही, म्हणून पाण्याचा संकेत त्याच्याशी ताडून पाहतात.

स्मृतिभ्रंशात हा आकडा निदान ठरत नाही. मेंदूत उष्णता चयापचयातून निर्माण होते आणि मुख्यतः रक्त ती वाहून नेते. अल्झायमरमध्ये ग्लुकोजचा वापर आणि रक्तपुरवठा दोन्ही मंदावतात. दोन्ही सारखेच घटले तर आकडा जागचा हलणार नाही, आणि विकार मात्र वाढत राहील. मग काखेतला थर्मामीटर काय वाईट, असे कोणी विचारील. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४० निरोगी तरुणांचे मेंदू मोजले: सरासरी ३८.५ अंश सेल्सिअस, खोल भागांत कधी ४० च्या वर. काखेतून हे कळणार नाही. मात्र याच अभ्यासात तापमान वेळेनुसार आणि भागानुसारही बदलत होते, तेव्हा रुग्णाच्या एकाच मोजणीवर भिस्त ठेवणे धाडसाचेच.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. ज्या द्रव्याशी ताडायचे, ते एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटच अल्झायमरमध्ये घटते. त्याची वारंवारता बदलत नाही, पण संकेत क्षीण होऊन ती अचूक वाचणे अवघड होते. रुग्ण हलला तर आणखीच. पर्याय म्हणून मेंदूतल्या पोकळ्यांमधील द्रवाच्या विसरणावरून तापमान काढतात. मेंदू आक्रसल्याने या पोकळ्या रुंदावतात, ही विचित्र सोय. पण नाडीच्या ठोक्यांनी द्रव हलतो आणि आकडा खोटाच चढतो.

त्यामुळे महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या शिवथरसारख्या गावातील वृद्धाला विसर पडू लागला, तर त्याला या मोजणीसाठी शहरात धाडण्यात अर्थ नाही. ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य, ऐकू येणे आणि चालू औषधे आधी तपासावीत. त्यांतली काही कारणे उपचाराने दूर होतात. तापमानाची मोजणी संशोधनात उपयोगी पडेल ती एकाच माणसाच्या बदलांसाठी, तेही यंत्र आणि दिवसाची वेळ तीच ठेवून, शरीराचे तापमान सोबत नोंदवले तर.