घरगुती सुरक्षा व अग्निसूचना यंत्रणा

घरात कोणी चोरून शिरले, धूर झाला, तापमान धोक्याच्या पातळीला पोचले किंवा वायू गळू लागला, तर ते आपोआप ओळखून आवाज, दिवा किंवा फोनवरील संदेश यांनी सावध करणारी उपकरणांची जोडणी. सेन्सर, नियंत्रण पॅनल, भोंगा आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी हे तिचे मुख्य भाग. पॅनल नसलेले, स्वतःच्याच पोटात सेन्सर, भोंगा आणि बॅटरी असलेले सुटे धूरसूचकही मिळतात. लहान घराला तेवढे बहुधा पुरतात. फ्रिज बिघडला की त्याच दिवशी कळते, धूरसूचक बिघडल्याचे मात्र आग लागेपर्यंत कळत नाही. त्यामुळे यंत्रणा विकत घेण्यापेक्षा ती चालू ठेवणे अवघड. चोरासाठी केलेला बंदोबस्त आगीच्या वेळी घरच्यांनाच कोंडून घालतो, ही दुसरी अडचण; तिचा विचार फार कमी घरांत झालेला असतो.

इतिहास : विजेवर चालणाऱ्या चोरसूचक घंटेचे पेटंट अमेरिकेतील ऑगस्टस रसेल पोप यांनी 1853 मध्ये घेतले. दार किंवा खिडकी उघडली की मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला. एडिसन यांचे सहकारी फ्रान्सिस अप्टन आणि फर्नांडो डिबल यांना स्वयंचलित विद्युत् अग्निसूचकाचे पेटंट 1890 मध्ये मिळाले, तर इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांनी 1902 मध्ये उष्णता ओळखणारे साधन पेटंट केले. धूर ओळखणारे साधन विषारी वायूच्या शोधातून निघाले. स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर 1930 च्या दशकात अशा वायूसाठी सेन्सर बनवत होते. वायूने काटा हलेना; कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने प्रवाह घटला, अशी हकीकत सांगतात. अमेरिकेत ड्युएन पिअर्सल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी 1965 मध्ये बॅटरीवर चालणारा घरगुती धूरसूचक तयार केला आणि 1970 च्या दशकात तो सामान्य घरांत पोचला. दारावरच्या कॅमेऱ्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेकडे जाते. दार न उघडता बाहेरचा माणूस पडद्यावर दिसावा आणि बटण दाबून मदत मागता यावी, अशी त्यांची रचना होती. पती अल्बर्ट यांच्यासह 1966 मध्ये केलेल्या त्यांच्या अर्जाला 1969 मध्ये पेटंट मिळाले.

धूर कसा ओळखला जातो : प्रकाशीय धूरसूचकाच्या आत एक अंधारी कोठडी असते. तिच्यातल्या बारीक दिव्याचा किरण प्रकाशग्राहकावर थेट पडत नाही. धुराचे कण आत आले की प्रकाश विखुरतो, त्याचा थोडा भाग ग्राहकापर्यंत जातो आणि भोंगा वाजतो. गादी, कापूस, सोफ्यातला फोम, वायरचे आवरण अशा धुमसणाऱ्या गोष्टींचा जाड कणांचा धूर हा प्रकार लवकर पकडतो. आयनीभवन प्रकारात अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी द्रव्य सुमारे 0.3 मायक्रोग्रॅम असते. त्याच्या अल्फा कणांमुळे हवेतून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि धूर आला की तो घटतो. भडकलेल्या आगीचे बारीक कण या प्रकाराला आधी समजतात, पण तव्यावरच्या धुरानेही तो लगेच बोंबलतो. झोपण्याच्या खोलीबाहेर एकच सूचक लावायचा असेल तर प्रकाशीय घ्यावा. रात्रीच्या आगी पुष्कळदा धुमसतच सुरू होतात आणि ज्वाळा दिसण्याआधी धूर माणसाला गाठतो.

‘धुराचा वास आला की जाग येईलच’ हा समज खोटा आहे. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाढ झोपेतील माणसे उग्र वासाने उठली नाहीत, आवाजाने मात्र उठली. म्हणून सूचकाचा आवाज तीन मीटरांवर सुमारे 85 डेसिबल ठेवण्याचा प्रघात आहे. लहान मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना कर्कश उंच स्वरापेक्षा 520 हर्ट्झचा खालच्या पट्टीतला स्वर अधिक चांगला जागवतो. पूर्ण बहिरेपणासाठी लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारी चकती मिळते.

जागा आणि खोटे इशारे : धूर वर चढतो, म्हणून सूचक छताला किंवा भिंतीवर छतापासून 30 सेंटिमीटरच्या आत लावतात. पंख्याचा झोत आणि एसीचे तोंड टाळावे. तिथे धूर सूचकापर्यंत पोचतच नाही. उतरत्या कौलारू छपरात तो आढ्याजवळ लावतात, पण अगदी टोकाला नाही, कारण तिथे हवा अडकून राहते. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, तिच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आणि प्रत्येक मजल्यावर एकेक, अशी अमेरिकी प्रमाणसंहितेची शिफारस आहे. वन-बीएचकेत निदान पॅसेजमधला एक तरी हवाच.

खरी परीक्षा स्वयंपाकघराची. मोहरी-मिरचीची फोडणी, पापड भाजणे, तळण, भाकरीखालचा तवा, यांतला कोणताही प्रकार धूरसूचकाला आगीसारखाच भासतो. म्हणून ओट्यापासून सुमारे तीन मीटरांच्या आत धूरसूचक लावू नये. स्वयंपाकघरात उष्णतासूचक बरा. ठरावीक तापमान, बहुधा 57 अंश सेल्सियसच्या आसपास, गाठले की तो वाजतो आणि ठसक्याकडे लक्ष देत नाही. काही उष्णतासूचक तापमान झपाट्याने चढू लागताच वाजतात. देवघरातली उदबत्ती आणि धूप, डासांची कॉइल, दिवाळीतल्या फटाक्यांचा खिडकीतून येणारा धूर, कोकणातल्या पावसाळ्यातली दमट हवा आणि न्हाणीघरातली वाफ हेही नेहमीचे गुन्हेगार. रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल चालू असताना सूचकावर टोपी घालणे रास्त आहे. ती टोपी वर्षभर तशीच राहते, हा अनुभव मात्र सोसायट्यांच्या तपासणीत नेहमीचा आहे.

सूचक उगाच वाजला की खुर्चीवर चढून बॅटरी काढायची, ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे आणि सगळ्यांत घातकही. बॅटरी टीव्हीच्या खणात जाते आणि तिथेच राहते. त्याऐवजी काही मिनिटांसाठी गप्प करणारे बटण असलेला सूचक घ्यावा. वारंवार वाजत असेल तर त्याची जागा बदलावी किंवा प्रकार बदलावा. दर अर्ध्या-एक मिनिटाने येणारी एकच ‘टिक’ म्हणजे आग नव्हे, बॅटरी संपत आल्याची ती खूण. चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. त्याने भोंगा आणि मंडल ठीक असल्याचे कळते. जाळी धुळीने बुजली असेल तर ते मात्र कळेलच असे नाही, म्हणून व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ ब्रशने ती साफ ठेवावी. जाळीवर रंग चढला तर सूचक बदलावाच.

खरेदीतही एक फसगत होते. पॅनलला जोडायचा डिटेक्टर आणि स्वतः भोंगा असलेला अलार्म बाहेरून सारखेच दिसतात, आणि दुकानात दोघांना ‘स्मोक डिटेक्टर’च म्हणतात. पॅनलशिवाय पहिला आणून लावला, तर आग लागल्यावर फार तर त्यावरचा तांबडा ठिपका पेटेल. आवाज येणार नाही.

वायू : सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्याचा सूचक जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, त्याचा सूचक छताजवळ. सिलिंडर काढून पाइपची जोडणी घेतली तरी सूचक जुन्याच जागी राहिला, तर तो असून नसल्यासारखा. वायुसूचक वाजल्यास दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नये. ठिणगी दोन्हींत पडते. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि फोन घराबाहेर जाऊन करावा. एलपीजी गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हे महाराष्ट्रातल्या शहरांत त्याचे सर्वांत परिचित कारण. धूरसूचकाला आणि एलपीजीच्या सूचकाला तो कळत नाही, त्यासाठी वेगळाच सूचक लागतो. अर्थात गीझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी बसवणे आणि त्याचा धूर नळीने बाहेर सोडणे, हा इलाज सूचकाच्याही आधीचा.

चोरीपासून संरक्षण : दारा-खिडक्यांवर चुंबकीय स्विच असतात, फळी चौकटीपासून हटली की संपर्क तुटतो. खोलीतली हालचाल ओळखणारा सेन्सर माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल टिपतो. त्याच्या भिंगावरून पाल फिरली, आत मुंग्या शिरल्या किंवा समोर ऊन पडले की तो फसतो. म्हणून तो खिडकीकडे तोंड करून लावत नाहीत आणि तारेसाठी केलेले भोक बुजवून टाकतात. यंत्रणा ‘लावणे’ आणि ‘उतरवणे’ यांसाठीचा सांकेतिक क्रमांक घरकामाच्या बाईंना, ड्रायव्हरला वेगवेगळा द्यावा, म्हणजे काम सुटल्यावर तेवढाच काढता येतो. चोरीच्या सूचना बंद असल्या तरी धूर आणि वायू यांच्या सूचना चोवीस तास जाग्या राहिल्या पाहिजेत. काही स्वस्त पॅनलांत त्या सर्वांबरोबर बंद होतात, तेव्हा बसवून घेतानाच तपासून पाहावे. दोन्हींचे आवाजही वेगळे हवेत. चोराच्या भोंग्याला माणूस दार लावून आत थांबतो, आगीच्या भोंग्याला बाहेर पळतो. आवाज एकच असेल तर झोपेतून उठलेला माणूस चुकीचे करणार.

इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांचा धोका 2016 मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने दाखवला. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर त्याने ताब्यात घेतले. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कॅमेऱ्याचा रोख आपल्या उंबऱ्यावर असावा, समोरच्यांच्या दारावर नको. सोसायटीतली निम्मी भांडणे टळतील.

ग्रिल, कुलपे आणि सुटकेची वाट : मुंबई-पुण्याच्या इमारतींत खिडक्यांना बाहेर आलेल्या लोखंडी पेट्या बसवलेल्या दिसतात. त्यांत कुंड्या, वाळवणे आणि जुने सामान राहते. चोर त्यातून येत नाही हे खरे; पण जिना धुराने भरला, तर माणूसही बाहेर जात नाही आणि अग्निशमन दलाच्या जवानांना शिडीवरून लोखंड कापत बसावे लागते. निदान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी, ती गंजलेली नसावी आणि कुलूप असेल तर त्याची किल्ली त्याच खोलीत, मुलांनाही माहीत असलेल्या खिळ्यावर हवी. मुख्य दार आणि सेफ्टी डोअर आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. रात्री आतून टाळे ठोकून किल्ली उशाखाली घेणाऱ्या आजोबांची समजूत घालणे सोपे नाही, पण ती घालावीच लागते. डिजिटल कुलूप घेताना वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर आतली मूठ यांत्रिक रीतीने उघडते का, हे विक्रेत्यासमोर बॅटरी काढून पाहावे.

इशारा झाल्यावर : आग आपल्या घरात असेल तर सगळ्यांना उठवून, धुराखालून वाकून बाहेर पडावे, मागे दार ओढून घ्यावे, लिफ्ट टाळावी. सामान घेण्यासाठी परत फिरू नये. आग दुसरीकडे असेल आणि जिना धुराने भरला असेल तर बाहेर पडणेच जिवावर बेतते. जुन्या इमारतींत मीटर रूम तळमजल्यावर जिन्यालगत असते. तिथे शॉर्टसर्किट झाले की जिना धुराड्याचे काम करतो. अशा वेळी दार बंद करून फटीत ओले टॉवेल कोंबावेत आणि रस्त्याकडच्या खिडकीत जाऊन 101 किंवा 112 वर मजला, विंग आणि आत किती माणसे आहेत हे सांगावे. ई-स्कूटरची बॅटरी दाराजवळच्या पॅसेजमध्ये चार्जिंगला लावणाऱ्यांनी हा प्रसंग आधी डोळ्यांसमोर आणावा. लिथियम बॅटरी पेटली तर बाहेर जायची वाट तीच अडवते.

सोसायटी आणि कायदा : महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार ज्या इमारतींना अशी व्यवस्था बंधनकारक आहे, तिथे ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘बी’ नमुन्यातले प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. कागद वेळेवर जातो, पॅनल मात्र पुष्कळदा मुका असतो. हूटर दोनदा उगाच वाजला की रहिवासी वॉचमनवर ओरडतात आणि तो एखादा विभागच बंद करून ठेवतो. दोष त्याचा कमी, त्याला पॅनल कसे वाचायचे हे न शिकवणाऱ्या समितीचा जास्त. आवाज बंद करणे आणि यंत्रणा पूर्ववत करणे ही वेगळी बटणे आहेत, आणि आधी त्या मजल्यावर जाऊन पाहायचे, एवढे तरी त्याला माहीत हवे. भारतात या यंत्रणांची निवड, उभारणी आणि देखभाल यांसाठी आयएस 2189 हे मानक आहे. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले सूचक ठेवणे अपेक्षित आहे; एक वाजला की सगळे वाजतात.

आयुष्य आणि विल्हेवाट : धूरसूचक बनल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी बदलावा, तो तोपर्यंत एकदाही वाजला नसला तरी. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. वायूचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर सहसा त्याआधीच थकतात, त्यांची मुदत वेष्टनावर पाहावी. आयनीभवन प्रकारातल्या अमेरिशियमचे अर्धायुष्य सुमारे 432 वर्षे आहे. बंद डबीत ते निरुपद्रवी असते, पण डबी फोडू नये, जाळू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. अशा सूचकांवर भारतात मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते आणि वापर संपल्यावर ते पुरवठादाराकडे परत करायचे असतात.