गुडघ्यांतील दुर्बीण



घरांतील एखाद्या वडील माणसास मांडी घालतां येईनाशी झाली, जिना उतरतांना कठड्याचा आधार लागूं लागला, कीं कोणी तरी हटकून सांगतो, "दुर्बिणीनें गुडघा साफ करून घ्या, दोन बारीक छिद्रें, आणि लगेच घरीं!" या सल्ल्यामागें शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्याचा पूर्वार्ध गौरवाचा असून उत्तरार्ध विचार करावयास लावणारा आहे.

१९१२ सालीं बर्लिन येथील शल्यवैद्यांच्या परिषदेंत सेव्हेरिन नॉर्डेंटॉफ्ट या डॅनिश वैद्यानें गुडघ्याच्या आंत पाहण्याची नळी मांडली व 'आर्थ्रोस्कोपी' हा शब्द योजिला. परंतु या विद्येचें खरें संगोपन झालें तें जपानांत. तेथें क्षयरोगानें सांधा आखडून गुडघा कायमचा ताठ होई. ज्या समाजाचें जेवणखाण व आदरातिथ्य जमिनीवर बसून चालतें, तेथें ताठ गुडघा ही केवढी आपत्ति, हें पंगतींत मांडी घालून बसणाऱ्या आपणांस निराळें सांगावयास नको. हा रोग वेळींच ओळखतां यावा या हेतूनें टोकियोच्या केंजी ताकागी यांनीं १९१८ सालीं मूत्राशय तपासण्याची नळी एका शवाच्या गुडघ्यांत घालून पाहिली. पुढें १९३१ पर्यंत त्यांनीं अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीची नळी सिद्ध केली.

त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनीं महायुद्धानंतर हें काम नेटानें पुढें चालविलें. एकामागून एक उपकरणें घडवीत ते एकविसाव्या नमुन्यापर्यंत पोंचले, आणि तोच नमुना जगभर प्रसिद्ध झाला. ता. ४ मे १९६२ रोजीं त्यांनीं एका सतरा वर्षांच्या तरुणाच्या गुडघ्यांतील फाटलेल्या कूर्चेचा तुकडा दुर्बिणीच्या साह्यानें काढला. तोंवर अशा रोग्याचा गुडघा उघडून बहुधा संपूर्ण कूर्चा काढीत. तसें केल्यानें पुढें सांधा झिजतो, ही शंका फेअरबँक या इंग्रज वैद्यानें क्ष-किरण चित्रांच्या आधारें १९४८ सालींच उपस्थित केली होती. १९६४ सालीं टोरोंटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोस जाऊन ही विद्या शिकून आले, व ती पश्चिमेकडे झपाट्यानें पसरली.

येथवर सर्व ठीक होतें. पण तरुण खेळाडूच्या ताज्या दुखापतीवर जो उपाय गुणकारी ठरला, तोच वयोमानानें झिजलेल्या गुडघ्यावर सर्रास होऊं लागला. आंत फाटलेली कूर्चा डोळ्यांना दिसे; ती कापली कीं दुःख जाईल, असा तर्क होता. रोगीही बरें वाटल्याचें सांगत. मग संशय कोणी घ्यावा?

तो अमेरिकेंत ह्यूस्टन येथें घेतला गेला. ब्रूस मोझली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संधिवाताच्या १८० रोग्यांचे तीन गट केले. एकाचा सांधा खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्याच्या त्वचेवर केवळ छेद घेऊन टांके घातले. आपल्यावर काय झालें हें रोग्यांस ठाऊक नव्हतें. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन वर्षांनंतरही तिन्ही गटांत फरक नाहीं! फिनलंडमध्यें झीज होऊन कूर्चा फाटलेल्या १४६ रोग्यांवर असाच प्रयोग झाला. २०१३ सालीं त्याचाही निर्णय तोच लागला. अखेर २०१७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें, झिजलेल्या गुडघ्याच्या जवळजवळ सर्व रोग्यांनीं ही शस्त्रक्रिया करूं नये, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

याचें कारण गूढ नाहीं. उतारवयांत कूर्चेला चीर पडणें हें केस पांढरे होण्यासारखेंच आहे. कित्येकांना तशी चीर असून मुळींच दुखत नाहीं. शिवाय वेदना भरती-ओहोटीप्रमाणें चढते-उतरते. रोगी वैद्याकडे जातो तो बहुधा भरतीच्या वेळीं, आणि पुढील ओहोटीचें श्रेय शस्त्राला मिळतें.

म्हणून दुर्बीण टाकाऊ ठरली असें नव्हे. तुटलेला अस्थिबंध नव्यानें बसविण्यास किंवा अडकून बसलेला गुडघा मोकळा करण्यास ती आजही अमोल आहे. झिजलेल्या गुडघ्यास मात्र मांडीचे स्नायु बळकट करणारा व्यायाम व वजनाचा संयम हेच पहिले उपाय. झीज फारच झाली तर कृत्रिम सांधा.

ताकागींनीं नळी गुडघ्यांत घातली ती पाहण्यासाठीं. जें दिसतें तेंच दुखतें असें मानण्याची घाई पुढील पिढ्यांनीं केली. आपल्या घरीं तो सल्ला येईल तेव्हां वैद्यांना एकच प्रश्न नम्रपणें विचारावा: "ही दुखापत आहे, कीं झीज?"