वेल्लोर येथील कुष्ठरुग्णांवरील हस्तशल्यक्रिया

कुष्ठरोगामुळे निकामी झालेले हात पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या शस्त्रक्रिया तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४८ पासून विकसित झाल्या. त्यांचे प्रवर्तक डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) होत. कोल्ली डोंगरांतील मिशनरी कुटुंबात जन्मलेले ब्रँड लंडनमध्ये शल्यविशारद झाले व १९४६ मध्ये वेल्लोरला आले.

पार्श्वभूमी

कुष्ठरुग्णाचे मांसच सदोष असते, त्याची जखम भरत नाही, असा समज त्या काळी डॉक्टरांतही होता. साहजिकच शल्यविशारद या रुग्णांकडे फिरकत नसत. १९४७ मध्ये ब्रँड यांनी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्या चिंगलपेट येथील कुष्ठधामास भेट दिली. तेथे बोटे आकसलेल्या एका रुग्णाच्या पकडीत त्यांना अनपेक्षित जोर जाणवला. अर्थात काही स्नायू शाबूत होते. बोटे झडतात ती रोगाने नव्हे, तर वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या दुखापतींनी, हेही पुढे स्पष्ट झाले. झोपेत उंदीर बोटे कुरतडत, तरी रुग्णास जाग येत नसे. म्हणून वसतिस्थानी मांजरे पाळली गेली.

शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन

या रोगात कोपराजवळचा मज्जातंतू बाधित होऊन पंजातील लहान स्नायू लुळे पडतात. कोपराखालच्या भागातील, बोटे मिटणारे स्नायू मात्र बहुधा टिकून असतात. त्यांपैकी एकाची कंडरा सोडवून, तिचे भाग करून ती बोटांना नव्या जागी जोडतात. त्यानंतर जुन्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. हे काम व्यायामोपचार तंत्रज्ञांचे. त्यांचा वाटा शल्यविशारदाहून कमी नाही, जरी नाव क्वचितच घेतले जाते.

हात सुधारलेल्या रुग्णास भीक मिळेना आणि कामही कोणी देईना. यातून ‘नवजीवन केंद्र’ उभे राहिले. तेथे रुग्ण सुतारकाम व खेळणी बनविणे शिकत.

प्रशिक्षण व प्रसार

वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेले कुष्ठरोग संशोधन केंद्र पुढे प्रशिक्षणासाठी नावारूपास आले. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे काम केले. इथिओपियात आदिस अबाबा येथे १९६५ मध्ये आफ्रिकेसाठी असेच प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या बहुऔषधोपचाराने जंतू मरतात. परंतु उशिरा उपचार मिळालेल्या रुग्णाचे नष्ट झालेले मज्जातंतू परत येत नाहीत, म्हणून या शस्त्रक्रियांची गरज उरतेच.