टॉन्सिलचं ऑपरेशन तासाभराचं, पण पुढचे पंधरा दिवस कोणाच्या खात्यात?

चाळिशीतल्या माणसाने "टॉन्सिल काढायचेत" म्हटलं की समोरचा हमखास हसतो. "अरे, हे तर पोराटोरांचं दुखणं! मजा आहे, आइस्क्रीम खा." नाशिकच्या कुठल्याही कट्ट्यावर हे ऐकायला मिळेल. पण मोठ्या वयात हे ऑपरेशन झालेला कोणी भेटला तर विचारून बघा. तो आइस्क्रीमचं नाव काढणार नाही. पाण्याचा एक घोट गिळताना डोळ्यांत पाणी कसं यायचं, ते सांगेल.

हा गैरसमज आला कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे वाग्भटाने 'तुंडिकेरी'चं वर्णन करून ठेवलंय. जबड्याच्या सांध्यापाशी, घशात, कापसाच्या बोंडासारखी दिसणारी कठीण सूज. वैद्य आजही टॉन्सिलच्या सुजेला हाच शब्द वापरतात. त्याच्याही आधी सुश्रुताने वाढलेली पडजीभ कापायची रीत सांगितली. जास्त कापलं तर रक्त वाहून माणूस दगावतो, कमी कापलं तर सूज येते, लाळ गळते, भोवळ येते, असा इशाराही दिला. आणि तो तिथेच थांबला नाही. कापून झाल्यावर मिरे, अतिविष, वेखंड वगैरेंचं चूर्ण मध आणि मीठ घालून चोळायचं, मग काढ्याच्या गुळण्या करायच्या. तुंडिकेरीलाही हाच विधी, फक्त शस्त्रकर्म वेगळं. तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने टॉन्सिल बोटाने मोकळे करून काढायला सांगितलं. नंतर व्हिनेगरच्या गुळण्या आणि रक्त थांबवणारं औषध.

म्हणजे भूल नव्हती, जंतू माहीत नव्हते, तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं की कापल्यानंतरचं सांभाळणं हाही उपचारच आहे.

हे मागे पडलं ते ऑपरेशन सोपं झाल्यावर. १८२८ साली फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिजिक या सर्जनने टॉन्सिल कापायचं खास यंत्र आणलं. त्यातून पुढे जी हत्यारं निघाली त्यांचं काम साधारण आपल्या अडकित्त्यासारखं. पकडलं, दाबलं, कापलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूल आली. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक सिद्धांत जोरात चालला की सांधेदुखीपासून कितीतरी आजारांचं मूळ दात आणि टॉन्सिल यांच्यात लपलेलं असतं. झालं! शाळेतली पोरं रांगेने ऑपरेशनला जाऊ लागली.

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये १,००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यातल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना 'गरज नाही' म्हटलं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, त्यांनीही त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ऑपरेशन सांगितलं. पुन्हा तिसरी फेरी, पुन्हा तेच. शेवटी हजारातून फक्त ६५ मुलं सुटली. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये ग्लोव्हर या डॉक्टरने दाखवून दिलं की टॉन्सिल कापले जाणार की नाही हे पोराच्या घशापेक्षा त्या भागात डॉक्टर कोण आहे यावर जास्त ठरतं.

आइस्क्रीमवाली समजूत याच काळातली. पेशंट लहान मूल. त्याची जखम लवकर भरते, त्याला कामावर जायचं नसतं, आई उशाशी असते. बरं व्हायला किती दिवस लागतील, हा प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटलाच नाही.

मग पेनिसिलिन आलं. आपल्या राज्यात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. घशाचा संसर्ग गोळ्या-इंजेक्शनने बरा होऊ लागल्यावर सरसकट कापायचं कारण उरलं नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या पॅराडाइज यांच्या अभ्यासाने मुलांसाठी एक मोजपट्टी दिली. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा घसा जोरात धरला असेल तर ऑपरेशनचा विचार करा.

मोठ्यांसाठी नीट उत्तर मिळायला २०२३ उजाडलं. ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांत ४५३ प्रौढ रुग्णांचा अभ्यास झाला. दोन वर्षांत घसादुखीचे दिवस, ऑपरेशन केलेल्यांचे साधारण २३ आणि न केलेल्यांचे ३०. म्हणजे फायदा आहे, नक्की आहे. पण तो फुकट मिळत नाही.

मोठ्या माणसाला जास्त त्रास का होतो? वर्षानुवर्षं सुजून सुजून टॉन्सिल आजूबाजूच्या मांसाला चिकटलेले असतात. काढल्यावर दोन्ही बाजूच्या जखमा सहसा उघड्याच राहतात. त्यावर पांढरट-पिवळा थर धरतो. लोकांना तो पू वाटतो, पण ती घशातली खपली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतार पडायच्या ऐवजी दुखणं वाढतं. कानात ठणका लागतो. कान चांगला असतो, पण घशाची आणि कानाची नस एकच असल्यामुळे दुखणं तिकडे जातं. दुखतं म्हणून माणूस पाणी पीत नाही, पाणी नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि अजून दुखतं. म्हणून डॉक्टरने दिलेली गोळी वेळेवर घ्यायची आणि घोट-घोट का होईना, पाणी पीत राहायचं. गार दूध, पेज, मऊ खिचडी चालेल. मिसळ आणि चिवडा तोवर विसरायचा. साधारण दहा ते चौदा दिवस यात जातात.

खरा धोका मात्र रक्ताचा. पहिल्या चोवीस तासांत एकदा, आणि नंतर खपली सुटते तेव्हा, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात. मुलांपेक्षा मोठ्यांमध्ये हे जास्त होतं. तोंडातून ताजं लाल रक्त आलं तर सकाळची वाट बघायची नसते, लगेच दवाखाना गाठायचा. आणि डॉक्टरला न विचारता अ‍ॅस्पिरिन असलेली गोळी घ्यायची नाही.

आता हे नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघा. ऑपरेशन नाशिक शहरात, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. पेशंट पेठचा किंवा सुरगाण्याचा. सातव्या रात्री रक्त आलं तर? गाडी शोधायची, घाटाचा रस्ता, आणि मग शहर. शहरातल्या माणसासाठी जे दहा मिनिटांचं काम, ते इथे जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट पैशाची. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला ईएसआयच्या नियमाप्रमाणे आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. सातपूरला त्यांचं रुग्णालयही आहे. पण द्राक्षबागेच्या छाटणीला निफाड-पिंपळगावात टोळीने येणाऱ्या मजुराचं काय? त्याच्यासाठी चौदा दिवस म्हणजे चौदा खाडे. तो पाचव्या दिवशी बागेत उभा राहतो, नेमका खपली सुटायच्या वेळेला. आरोग्य विमा काढलेल्यांनीही कागद वाचावा. 'आरोग्य संजीवनी'सारख्या पॉलिसीत टॉन्सिलच्या ऑपरेशनला २४ महिन्यांची प्रतीक्षा असते.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा की कोणत्या दिवसांत रक्त येऊ शकतं आणि आलं तर कुठे जायचं. लांबच्या पेशंटला ते दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नजरेखाली ठेवा आणि तिथल्या डॉक्टरला आधी कळवा. १०८ नंबर त्याच कार्डावर छापा. आणि मालक-मुकादमांनो, टॉन्सिलच्या सुट्टीला हसू नका.

सुश्रुताने कापल्यानंतरचं औषधही त्याच अध्यायात लिहिलं होतं. आपल्या डिस्चार्ज कार्डावर त्यासाठी चार ओळींची जागा निघायला हरकत नाही.