मीनंबाक्कमची विमानं आणि जुहूचा चिखल

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी ओळखीच्यांच्या मोटारी दुरुस्त करत होतो. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत. पंपाच्या, लिफ्टच्या, पिठाच्या गिरणीच्या. इतिहासाचा नाद लागण्याआधी माझा धंदा तोच होता. बुडालेली मोटर उघडायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, भट्टीत वाळवायची, वार्निश द्यायचं आणि मेगर लावून बघायचं. बहुतेक परत फिरतात. एका घरी हे चाललेलं असताना तिथल्या शाळकरी मुलानं विचारलं, “काका, विमान बुडालं तर तेपण असंच धुवून चालू होतं का?”

मला एकदम चेन्नईचे फोटो आठवले. डिसेंबर २०१५. मीनंबाक्कमच्या विमानतळावर तळं झालेलं आणि खाजगी मालकीची, शिकवणीची छोटी विमानं आपल्या जागेवरून वाहून एका कडेला जाऊन अडकलेली. मुलाला “नाही रे” एवढंच म्हणालो. पण का नाही, आणि ती विमानं तिथे बुडालीच का, हे नीट मांडायचं राहून गेलं होतं. ते आता मांडतो.

आधी पाऊस. त्या वर्षीचा नोव्हेंबर चेन्नईत १,०४९ मिलिमीटरचा झाला. १९१८ नंतर इतका ओला नोव्हेंबर शहरानं पाहिला नव्हता. तलाव तुडुंब होते. त्यावर १ डिसेंबरला दिवसभर पडत राहिला. २ तारखेच्या सकाळी मोजला तेव्हा चोवीस तासांत ताम्बरमला ४९ सेंटिमीटर, खुद्द मीनंबाक्कमला सुमारे ३५. चेंबरंबाक्कम तलावातून २९,००० क्युसेक पाणी सोडलं गेलं. ते उतरतं अड्यार नदीत, आणि अड्यार जाते विमानतळाला खेटून. खेटून म्हणणंही कमीच. दुसरी धावपट्टी लांबवताना नदीवर पूल बांधून ती पलीकडे नेलेली आहे. १ तारखेच्या रात्री विमानतळ बंद झाला, तो प्रवाशांसाठी ६ तारखेपर्यंत उघडला नाही. मधल्या काळात अरक्कोणमच्या नौदलाच्या तळावरून उड्डाणं झाली.

आता मोठी विमानं राहिली आणि छोटी वाहून गेली, असं का? एअरबस ३२० रिकामं असलं तरी चाळीस टनांच्या वर भरतं. कमरेएवढ्या पाण्याला ते दाद देत नाही. चार आसनी सेसना १७२ चं रिकामं वजन साधारण ७५० किलो, म्हणजे आपल्या मारुतीच्या छोट्या गाडीइतकं. पाऊण घनमीटर पाणी बाजूला सारलं की ते तरंगायला लागणार. आर्किमिडीजला कुणी चुकलेलं नाही. खालच्या पंखाच्या विमानाचं तर आणखी अवघड. त्याचा पंख म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फुटांवरची पोकळ पेटी, आत पेट्रोलची अर्धी रिकामी टाकी. पाणी पंखाला टेकलं की तराफाच झाला. वर शेपटीचं उभं पातं प्रवाह पकडतं. अशी विमानं पंखाला आणि शेपटीला दोर लावून बांधलेली असतात, पण तो बंदोबस्त वाऱ्यासाठी. दोर तुटला तर विमान शेजारच्यावर आदळतं. टिकला तर जागेवर बुडतं. मालकाचं दोन्हीकडून नुकसान.

आणि बुडालं की धुवून चालू का होत नाही? विमानाचा पत्रा ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मिश्रधातूचा, एकावर एक चढवून रिवेट मारलेला. त्या दोन पत्र्यांच्या फटीत गाळाचं, गटाराचं पाणी शिरतं आणि तिथेच बसतं. बाहेरून चकाचक दिसतं. आतून पांढरी भुकटी धरायला लागते. इंजिनात पाणी गेलं तर कॅमशाफ्टवर काही दिवसांत गंज चढतो, म्हणून ते पूर्ण सुटं करावंच लागतं. मॅग्नेटो, चाकांची बेअरिंगं, कंट्रोलच्या तारा, जायरोची यंत्रं, रेडिओ, सगळं उघडायचं. शेवटी हे उडायला योग्य आहे अशी सही कुणीतरी करायची. माझी मोटर मेगरला पास झाली नि नंतर जळली, तर फार तर लिफ्ट बंद पडते. इथे सही करणाऱ्याला तशी सवलत नाही. हिशोब केला की दुरुस्ती विमानाच्या किमतीपुढे जाते आणि ते भंगारात निघतं.

पण इतिहासाच्या दृष्टीनं मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. हा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. टाटा उतरले ते जुहूला, आणि जुहू म्हणजे समुद्रालगतचं चिखलाचं मैदान, हे मात्र कुणी सांगत नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं. मग टाटांनी काय केलं? पावसाळ्यापुरता बाडबिस्तरा पुण्याला हलवला. मुंबईला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्याला सातशेच्या आसपास. लाकडाच्या पंखांवर कापड ताणलेली ती विमानं, पाण्याशी खेळ परवडणारच नव्हता. त्या लोकांकडे उपग्रह नव्हता, पण विमानाला पावसाळी पत्ता होता.

मीनंबाक्कमच्या मालकांना १ डिसेंबरला दोष देण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी बघून उडवायची छोटी विमानं तशा पावसात वर न्यायची म्हणजे जीव द्यायचा. ती हलवायची वेळ नोव्हेंबरातच, तलाव भरत आले तेव्हा होती. तेव्हा कुणाला ते सुचलं नसेल, कारण डांबरी एप्रन नि कुंपण दिसलं की खाली नदीचं पात्र आहे हे माणूस विसरतो. मुंबईचंही तेच झालं. जुहूचा चिखल सोडून सांताक्रूझला गेलो, तिथे मिठी नदी वळवून तिच्यावरून धावपट्टी नेली, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडल्यावर विमानतळ बंद पडला. विमानाला सपाट, मोकळी जागा लागते, आणि शहराजवळ अशी जागा बहुधा नदीनंच सपाट करून ठेवलेली असते.

आपल्या हरणीच्या विमानतळाखाली काय होतं, ओढे कुठून जायचे, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत बघायचं ठरलंय. कुणाच्या घरी गायकवाडी काळातला त्या बाजूचा जमिनीचा नकाशा असेल, फाटका का असेना, तर कृपया घेऊन या. स्कॅन करून लगेच परत देऊ.