जोसाया व्हाइट : कोळशाचा उद्योग आणि एक मृत्युपत्र

क्वेकर पंथाचे नाव आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. नर्मदेकाठी होशंगाबादच्या परिसरात या पंथाच्या मिशनने एकोणिसाव्या शतकात कार्य आरंभिले. दीक्षित पाळक नाहीत, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे बाह्य विधी नाहीत, मौन हीच उपासना आणि शपथ व शस्त्र ही दोन्ही वर्ज्य, असा हा ‘मित्र समाज’. या समाजात 1781 साली अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, माउंट हॉली येथे जोसाया व्हाइट यांचा जन्म झाला. गुलामगिरीविरुद्ध झटणारे सत्पुरुष जॉन वुलमन यांचेही गाव हेच.

फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचा व्यापार करून व्हाइट यांनी पैसा जोडला, आणि पुढे स्कायलकिल नदीच्या धबधब्यापाशी अर्स्किन हॅझार्ड यांच्यासह तारेचा कारखाना काढला. 1816 साली त्यांनी त्याच नदीवर तारांनी टांगलेला पादचारी पूल उभारला. वृत्तीने ते अभियंते होते. कोळशाकडे त्यांना परिस्थितीने वळविले. 1812 च्या युद्धात इंग्रजांनी किनाऱ्याची नाकेबंदी केली आणि व्हर्जिनियाचा मऊ कोळसा मिळेनासा झाला. पेनसिल्व्हेनियातील कठीण अँथ्रासाइट मुबलक होता, पण तो पेटेना. कामगारांनी रात्रभर खटपट केली आणि शेवटी कंटाळून भट्टीचे दार लावून ते निघून गेले. एकजण विसरलेला अंगरखा घेण्यास परतला, तो दार लालबुंद झालेले! हा कोळसा ढोसला की विझतो आणि स्वस्थ ठेवला की पेटतो, हे त्या रात्री कळले.

1818 साली व्हाइट व त्यांच्या भागीदारांनी लीहाय नदीच्या खोऱ्यातील खाणींची जमीन वीस वर्षांच्या पट्ट्याने घेतली. वार्षिक खंड काय, तर मक्याचे एक कणीस! जुन्या मालकांना त्या जमिनीची आशाच उरली नव्हती. नदी उन्हाळ्यात आटे. म्हणून व्हाइट यांनी पाणी अडवून एकदम सोडणारे दरवाजे योजिले आणि त्या कृत्रिम पुरावर कोळशाच्या नावा वाहून नेल्या. 1820 साली 365 टन कोळसा फिलाडेल्फियास पोहोचला. 1827 साली डोंगरावरून मॉक चंक गावापर्यंत नऊ मैलांचा लोहमार्ग झाला. भरलेल्या गाड्या उताराने आपोआप खाली येत, आणि त्या वर ओढून नेणारी खेचरेही गाडीतच बसून उतरत. मग ती पायी उतरावयास तयार होईनात, असे सांगतात. 1829 साली कालवाही पूर्ण झाला.

व्हाइट यांची प्रथम पत्नी कॅथरिन रिजवे लवकर निवर्तल्या. पुढे एलिझाबेथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्हाइट यांच्या आठवणी जावई रिचर्ड रिचर्डसन यांनी 1873 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. आम्हांस मात्र त्या चरित्रापेक्षा व्हाइट यांचे मृत्युपत्र अधिक विचारणीय वाटते. 1850 साली ते वारले, तेव्हा इंडियाना व आयोवा या प्रांतांत गरीब मुलांसाठी श्रमशिक्षणाच्या दोन शाळा काढण्यास त्यांनी द्रव्य ठेविले होते. गोरी, काळी, आदिवासी, सर्व मुले त्यांत यावीत, ही त्यांची इच्छा. त्या काळी असे लिहिणारे धनिक थोडेच.

इंडियानातील वॅबॅश येथील शाळेने 1880 नंतरच्या दशकात सरकारी अनुदानावर आदिवासी मुले घेतली. 1884 साली डकोटा जमातीची आठ वर्षांची एक मुलगी तेथे आली. पुढे झिटकाला-शा या नावाने ती लेखिका झाली. आपले केस कापले गेले तो प्रसंग तिने 1900 साली एका मासिकात लिहिला आहे. ती पलंगाखाली लपली होती. तिला ओढून काढून खुर्चीस बांधले गेले. तिच्या लोकांत आखूड केस सुतकी माणसाचे किंवा भेकडाचे चिन्ह मानीत. हे करणारे सज्जन होते, प्रार्थनाशील होते, आणि दात्याच्या इच्छेप्रमाणेच आपण वागतो अशी त्यांची खात्री होती. मृत्युपत्रात मुलांना आत घेण्याची तरतूद होती. त्यांच्या मातांना काय वाटेल, याविषयी मात्र कोणी विचारले नव्हते. वसतिगृहे चालविणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

काही वर्षे घरी काढून झिटकाला-शा स्वेच्छेने त्याच शाळेत परतल्या आणि 1895 साली तेथील शिक्षण पुरे करून क्वेकरांच्याच अर्लहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. 1926 साली त्यांनी अमेरिकेतील आदिवासींच्या हक्कांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन केली, आणि 1938 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिचे अध्यक्षपद सांभाळले.