बदायूँ दरवाजा ते पाचशे मीटर
(दिल्लीतील मद्यगृहांच्या बंद-उघड दारांचा इतिहास)

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी इतिहासावर काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा थोरल्या बाजीरावांची १७३७ सालची दिल्लीवरील धडक, १७६१ चे पानिपत किंवा महादजी शिंद्यांची कारकीर्द यांपैकी एखादा विषय मी घेईन, असाच सर्वांचा समज होता. ते विषय थोर आहेतच. परंतु आपल्या मंडळाच्या यापूर्वीच्या अंकांतून त्यांवर अधिकारी व्यक्तींनी लिहिलेले आहे. मी बी. ए. ला इतिहास घेतलेला आणि पुढील सारी वर्षे सरकारी फायलींत घालविलेला एक साधा वाचक. म्हणून मी निवडलेला विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील, हे ठाऊक असूनही तो मांडतो. विषय आहे दिल्लीतील मद्यगृहांचा. ती कोणी बंद केली, ती पुन्हा कशी उघडली आणि या उघडझापीची किंमत कोणी मोजली, हा.

आरंभीच सांगितलेले बरे की प्रस्तुत लेखक मद्य घेत नाही. मात्र त्यात काही विशेष पुण्य आहे असेही तो मानीत नाही. या विषयाकडे मी वळलो तो एका मुलामुळे. त्याची हकिकत पुढे येईलच.

दिल्लीतील मद्यबंदीची सर्वांत तपशीलवार जुनी हकिकत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातील आहे. त्याने १२९६ ते १३१६ अशी वीस वर्षे राज्य केले. झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने ती आपल्या ‘तारीख-ए-फिरोजशाही’त नोंदविली आहे. सुलतानाविरुद्ध एकामागून एक बंडे झाली, तेव्हा त्याने विश्वासू सल्लागारांना त्यांची कारणे विचारली. त्यांनी जी चार कारणे सांगितली, त्यांत एक मद्याचे होते. अमीर-उमराव पिण्यासाठी एकत्र बसतात, जीभ सैल होते आणि त्यातून कट शिजतात, असे त्यांचे म्हणणे. सुलतानाने मद्याची विक्री व सेवन बंद केले. एवढेच नव्हे, तर स्वतःची मैफल मोडून राजवाड्यातील मद्याचे रांजण बदायूँ दरवाजासमोर ओतविले. तेथे पावसाळ्यासारखा चिखल झाला, असे बरनी लिहितो. जे चोरून विकीत वा पीत, त्यांच्यासाठी त्याच दरवाजासमोर विहिरी खोदून बंदिखाने केले गेले. त्यांत टाकलेले कित्येक लोक मेले.

येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की सुलतानाला प्रजेच्या प्रकृतीची काळजी नव्हती, किंवा कोणा मद्यप्याच्या घरातील उपाशी मुलांचीही नव्हती. त्याला भय होते ते कटाचे. आणि परिणाम काय झाला? ज्यांना मद्य सुटेना, ते शहराबाहेर दहा-बारा कोसांवरील गावी जाऊ लागले, कारण गियासपूर, इंदरपत, किलोखडी अशा चार-पाच कोसांवरील गावीही उघड विक्री व सेवन बंद होते. गियासपूर म्हणजे आजच्या निजामुद्दीनचा परिसर. ज्या स्थानकावरून आपण गोवा एक्स्प्रेसने पुण्याला जातो, त्याच्या आसपासची ही भूमी. इंदरपत म्हणजे पुराना किल्ला. किलोखडी हे आजच्या महाराणी बागेजवळचे गाव. सातशे वर्षांपूर्वीचा दिल्लीकर एका पेल्यासाठी मेहरौलीच्या बाजूने याच्याही पुढचे अंतर तुडवीत असे. अखेर सुलतानानेच नियम सैल केला. कोणी आपल्या घरी, मेजवानी न भरविता व विक्री न करता, गाळून पीत असेल, तर त्याच्या वाटेस जाऊ नये, असे ठरले.

मोगल काळाकडे वळू. जहांगीराने १६०५ साली तख्तावर येताच जे बारा हुकूम काढले, त्यांत मद्य करण्यास व विकण्यास मनाई होती. त्याच्या आत्मचरित्रात हा हुकूम नोंदविताना तो प्रांजळपणे कबूल करतो, की आपण स्वतः मात्र अठराव्या वर्षापासून पीत आहोत. त्याचा नातू औरंगजेब याची गोष्ट वेगळी. तो खरोखरच पीत नसे. त्याच्या काळात दिल्लीत राहिलेला व्हेनिसचा प्रवासी निकोलाव मनुची याने लिहिलेली हकिकत मोठी मार्मिक आहे. साऱ्या हिंदुस्थानात न पिणारी माणसे दोनच, एक आपण आणि दुसरे मुख्य काझी अब्दुल वहाब, असे बादशहा म्हणत असे. मनुची म्हणतो, काझींच्या बाबतीत बादशहाची चूक होती, कारण त्यांना रोज एक बाटली मीच पाठवीत होतो! याच बादशहाने वैद्य वगळून इतर ख्रिस्ती लोकांना शहर सोडून दूर तोफखान्याजवळ राहावयास सांगितले. तेथे त्यांनी मद्य गाळावे, प्यावे, मात्र विकू नये, अशी मुभा दिली.

म्हणजे सुलतान असो वा बादशहा, दिल्लीतील बंदीचा शेवट एकाच गोष्टीत झालेला दिसतो. मद्य नाहीसे झाले नाही. ते काही अंतरावर गेले. पुढे इंग्रजांनी आबकारीचे उत्पन्न हे खजिन्याचे नियमित अंग बनविले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मद्यबंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. आपल्या मुंबई राज्यात तर १९४९ सालीच दारूबंदीचा कायदा झाला. तोच कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे. पिणाऱ्याने परवाना बाळगावा, ही त्यातली अट. त्यातूनच ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत रूढ झाला. बंदीचा कायदा आणि परवान्याची पाटी एकाच भिंतीवर सुखाने नांदताना आपण लहानपणापासून पाहिलेली आहेत.

आता त्या मुलाची हकिकत. तो चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यातला. गुरुग्राममधील एका पबच्या मुदपाकखान्यात तो २०१६ पासून कामाला होता. सुटीच्या दिवशी मंडळात येई, पंगतीला वाढावयास उभा राही. २०१७ साली पाडवा २८ मार्चला होता. त्या दिवशी श्रीखंडाचे पातेले उचलता उचलता तो मला म्हणाला, “काका, शनिवारपासून आमचं हॉटेल बंद होणार म्हणतात. खरं आहे का?”

ते खरे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला होता. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला १ एप्रिल २०१७ नंतर परवाना नसावा, असा त्याचा आशय. निकालपत्र लिहिले होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. त्यामागील कारण मात्र सुलतानाच्या कारणासारखे नव्हते. २०१५ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,४६,१३३ माणसे मृत्युमुखी पडली होती. या प्रकरणातील एक अर्जदार, चंदीगढचे हरमन सिंग सिद्धू, स्वतः १९९६ च्या मोटार अपघातापासून चाकाच्या खुर्चीला खिळलेले आहेत. ज्याने हे सोसले त्याने न्यायालयाचे दार ठोठावले, तर त्याला कोणी दोष देऊ नये. निर्बंध केवळ दुकानांना आहे की बसून पिण्याच्या जागांनाही आहे, याविषयी महान्यायवाद्यांचे मत वेगळे होते. न्यायालयाने ३१ मार्चला, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी, स्पष्ट केले की बार, पब, हॉटेले सर्वांनाच तो लागू आहे. वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावी मात्र हे अंतर २२० मीटर केले गेले.

गुरुग्राम शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेले. सायबर हबसारखी, कचेऱ्या सुटल्यावर तरुण मंडळींनी गजबजणारी ठिकाणे महामार्गाला लागूनच आहेत. शनिवारी, १ एप्रिलला तेथील कित्येक पबांतील मद्यविक्री थांबली. मग सुरू झाला मोजणीचा खेळ. अंतर सरळ रेषेत मोजावयाचे की वाहनाच्या रस्त्याने? काहींनी महामार्गाकडील फाटक बंद करून मागल्या बाजूने वळसा घालणारा रस्ता दाखविला. इमारत होती तेथेच राहिली, महामार्गही होता तेथेच राहिला. कागदावरचे अंतर तेवढे वाढले. अन्यत्र राज्यांनी शहरांतील महामार्गांची नोंदच बदलली. शेवटी ११ जुलै २०१७ रोजी, चंदीगढच्या प्रकरणात, न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिका हद्दीतील परवान्यांना हा निर्बंध आड येत नाही. दारे पुन्हा उघडली. दहा-बारा कोस जाणारा खिलजीकालीन दिल्लीकर आणि मागच्या फाटकाने शिरणारा आजचा तरुण, यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

परंतु या अवधीत त्या मुलाची नोकरी गेली होती. मालकाने दोन महिने वाट पाहिली आणि अर्धी माणसे कमी केली. मुलगा मंडळाच्या पायरीवर बसला होता. त्या वेळी तो जे बोलला, ते माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही.

“काका, गावाकडची दारू बंद झाली तवा मायने पेढे वाटले होते. आता इथली बंद झाली, तर तिला काय सांगू?”

या प्रश्नामागे चंद्रपूरचा इतिहास आहे. महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मधल्या चंद्रपुरातही ती व्हावी म्हणून हजारो स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. ज्यांच्या घरातील मजुरीचे पैसे संध्याकाळी गुत्त्यावर जात, त्या या स्त्रिया. या मुलाची आई त्यांच्यातली. १ एप्रिल २०१५ रोजी जिल्ह्यात दारूबंदी झाली. बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला मुलाचा रोजगार थांबला. आईच्या घराला वाचविणारी गोष्ट आणि मुलाच्या पोटावर आलेली गोष्ट कागदावर एकच होती.

पुढे त्याला दिल्लीतल्या एका पबमध्ये काम मिळाले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि साऱ्याच दारांना कुलपे लागली. दिल्लीतील दारूची दुकाने ४ मेपासून उघडू लागली, तेव्हा रांगा अशा लागल्या की दुसऱ्याच दिवसापासून सरकारने किमतीवर ७० टक्के विशेष कोरोना शुल्क बसविले. बसून पिण्याच्या जागा मात्र ९ सप्टेंबरपर्यंत बंद राहिल्या. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या आणि २१ जूनला निम्म्या आसनांनिशी, दुपारी बारा ते रात्री दहा या वेळात उघडल्या. मुलगा दोन्ही वेळा गावी गेला आणि दोन्ही वेळा परतला.

योगायोग पाहा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी चंद्रपूरची दारूबंदी उठविण्याचा निर्णय घेतला. बंदीत चोरट्या दारूचा व्यापार बोकाळला, हे त्यामागचे एक कारण दिले गेले. जुलैमध्ये तेथील दुकाने उघडली. दिल्लीत मुलाच्या अन्नाचे दार उघडले, त्यानंतर थोड्याच दिवसांत गावी आईच्या डोळ्यांदेखत ते दुसरे दार उघडले. तिने पेढे वाटले नाहीत हे सांगावयास नकोच.

अशा वेळी शहाणपण कोठे शोधावे? बंदी व्हावी की नाही, या वादात माझ्यासारख्याने निर्णय देऊ नये. परंतु महाराष्ट्राच्या नियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे दिल्लीकरांचेही लक्ष वेधावेसे वाटते. गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के मतदारांनी, केवळ स्त्रियांनीही, मागणी केली तर दुकानाविषयी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद. जी बाई मजुरी बुडवून मतदानाला येऊ शकली नाही, तिचे मत उभ्या बाटलीला गेल्यासारखेच. इतकी ही अट कठीण आहे. तरीही कित्येक गावांतील स्त्रियांनी ती पार केली आहे. येथे निर्णय सुलतान करीत नाही आणि मीटरपट्टीही करीत नाही. त्या उंबरठ्याशेजारी ज्यांना राहावयाचे आहे, ती माणसे करतात. असे बंद झालेले दार चोरवाटेने उघडणार नाही असे नाही. परंतु त्यावर लक्ष ठेवणारे डोळे तेथेच राहतात.

त्या मुलाने आईला काय सांगितले, हे मी त्याला पुढे एकदा विचारले. तो म्हणाला, सगळे खरे सांगितले. आई बराच वेळ फोनवर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तू तुझं काम कर. पण तुमच्या दारातून जो पिऊन उठंल, त्याला गाडीवर बसू देऊ नको.”

न्यायालयाला जे साधावयाचे होते, ते याहून वेगळे नव्हते. मुलगा आता तेथे मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली आहे. रात्री दार बंद होण्याच्या सुमारास तो बाहेर येऊन उभा राहतो आणि ज्याचा तोल जातो आहे, त्याच्यासाठी भाड्याची मोटार बोलावतो, असे त्याच्या सोबत्यांकडून कळले. मालकाने तसे सांगितलेले नाही, आणि त्याबद्दल त्याला जादा काही मिळतही नाही.

येत्या गणेशोत्सवात तो पंगतीला वाढावयास येईल. मंडळातील वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की ‘काय काम करतोस?’ असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले, तर कोणी तोंड फिरवू नये.